तरफा जुळवण्याचं काम

सतारीला वाजवायच्या तारा सहा-सात. त्यांच्या खाली, पडद्यांच्या कमानींतून गेलेल्या तरफेच्या तारा अकरा ते तेरा. या खालच्या तारांना वादकाची नखी क्वचितच लागते. वर गंधार वाजला की खालची गंधाराची तार आपसूक झंकारते, आणि सतारीचा जो भरलेला आवाज आपण लांबूनही ओळखतो त्यात या न छेडलेल्या तारांचा वाटा मोठा असतो. मात्र त्यातली एकेक तार त्या दिवशीच्या रागाच्या सुरांत आधी मिळवून ठेवावी लागते. राग बदलला की पुन्हा मिळवायची. ऐकायला आलेल्या माणसाला हा वेळ खोळंब्याचा वाटतो. वाजवणाऱ्याला ठाऊक असतं की पुढचा दीड तास याच्यावर उभा आहे. परदेशात स्थायिक झालेल्या सतारियाच्या कामाबद्दल लिहायचं तर सुरुवात या तरफांपासूनच करायला हवी. पुण्यात, मुंबईत, कोलकात्यात वादकाच्या भोवती पुष्कळशा तरफा आधीच लागलेल्या असतात. तबल्याच्या साथीला चार नावं डोळ्यांपुढं असतात, तानपुरा घेऊन मागं बसणारा शिष्य असतो, जव्हारी काढून देणारा कारागीर असतो, समेला मान हलवणारा श्रोता असतो. हे सगळं त्या वादकानं उभं केलेलं नसतं. त्याच्या आधीच्या तीन-चार पिढ्यांनी केलेलं असतं. न्यू जर्सीत, टोरांटोत किंवा लंडनच्या उपनगरात यातलं फारच थोडं तयार मिळतं. म्हणून माझं म्हणणं असं आहे की इकडच्या सतारियाचं मुख्य काम मैफलीला उत्तर देईल असा भोवताल घडवण्याचं आहे. शिकवण्या, वाद्याची डागडुजी, दहा माणसांच्या घरगुती बैठका यांना आपण आजवर पोटासाठीची तडजोड समजत आलो. माझ्या मते कलावंत म्हणून त्याची किंमत याच कामावर ठरायला हवी.

आधी वाद्याचंच घेऊ. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सतारी-तानपुरे घडतात. भोपळा सोलापूर जिल्ह्यातल्या भीमाकाठच्या शेतांतून येतो, लाकूड बहुधा तूनाचं असतं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. हे वाद्य बॉस्टनला किंवा टोरांटोला येतं तेव्हा त्याची गाठ तिथल्या हिवाळ्याशी पडते. घरात हीटिंग सुरू झालं की हवेतला ओलावा उडून जातो. खुंट्या आक्रसून आपापल्या भोकांत सैल पडतात, आणि रात्री घर निजलेलं असताना एखादी तार सर्रकन उतरल्याचा आवाज येतो. सकाळी ती खुंटी काढून तिला खडूची पूड लावायची, दाबून बसवायची, तार पुन्हा चढवायची. वाईट हिवाळ्यात भोपळ्याला केसासारखी चीर जाते. त्याहून नाजूक प्रकरण जव्हारीचं. घोडीचा माथा हाडाचा असतो आणि त्याचा उतार इतका अलगद ठेवलेला असतो की तार कंप पावताना त्याला घासत-सुटत राहते. सतारीचा गळा त्या स्पर्शात आहे. मींड घेताना बाजाची तार या माथ्यावरून आडवी सरकते. काही महिन्यांत तिथं खाच पडते, आवाज आधी चिरकतो आणि मग बसतो. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत वाद्य नेऊन दिलं की काम झालं. इकडे सगळ्या तारा उतरवायच्या, घोडी काढायची, कानशीवर दोन-चार हात फिरवायचे, परत बसवून ऐकायचं, पटलं नाही तर पुन्हा उतरवायचं. किंचित जास्त घासलं गेलं तर घोडी वाया जाते, आणि नवी यायला कुणीतरी भारतातून येईपर्यंत थांबावं लागतं. त्यात सीमेवरचे नियम. जुन्या सतारींवरच्या हस्तिदंती नक्षीमुळे वाद्य अडकू शकतं. २०१७ च्या जानेवारीपासून शिसवाच्या कुळातल्या झाडांना वन्य जातींच्या व्यापाराचा 'साइट्स' करार लागू झाला, आणि तयार वाद्यांना त्यातून सूट मिळायला २०१९ चा नोव्हेंबर उजाडला. तेवढ्या काळात शिसमच्या खुंट्यांची सतार विकत मागवायची म्हणजेसुद्धा कागदपत्रांचा प्रश्न होता. दहा-बारा वर्षांत परदेशातला सतारिया अर्धा कारागीर होतो, त्याची कारणं अशी आहेत. आणि तो अर्धा कारागीर झाला म्हणूनच त्याच्या गावातल्या आठ-दहा विद्यार्थ्यांची वाद्यं बोलती राहतात.

दुसरी गोष्ट साथीची आणि वेळेची. इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि फोनमधला तबला यांनी एकट्याचा रियाज शक्य केला, हे उपकार मोठे आहेत. पण फोनमधला तबला वादकाचं ऐकत नाही. त्याच्याबरोबर सात वर्षं रियाज केलेल्या मुलाला मात्रा चोख मोजता येतात, तरी पहिल्यांदा जिवंत साथ मिळाली की तो गडबडतो. कारण तोडा घेऊन समेवर आल्यावर तबलजीला जागा द्यायची असते, हे यंत्रानं त्याला कधी शिकवलेलं नसतं. म्हणून गावात तबला शिकवणारा कुणी असेल तर त्याच्याशी जोडून घ्यायचं, दोघांच्या विद्यार्थ्यांना महिन्यातून एकदा समोरासमोर बसवायचं, हे सतार शिकवण्याइतकंच गरजेचं होतं. वेळेचा प्रश्न आणखी अवघड. लंडनला जूनच्या अखेरीस सूर्य रात्री सव्वानऊच्या पुढं मावळतो आणि डिसेंबरात दुपारी चारच्या आत. मारवा-पूरिया हे संधिप्रकाशाचे राग मग केव्हा वाजवायचे? साडेसातला सुरू होणाऱ्या उन्हाळी मैफलीत यमन वाजतो तेव्हा खिडकीत ऊन असतं. शिवाय मैफल बहुतेक शनिवारच्या संध्याकाळीच ठरते, कारण लोकांना तेवढाच वेळ असतो. परिणाम असा की इकडे वाढलेल्या मुलांनी यमन, बिहाग, बागेश्री समोर बसून ऐकलेले असतात. तोडी, भैरव, सारंग फक्त कानात यंत्र खुपसून. याचा दोष केवळ परदेशाला देता येणार नाही. ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची मर्यादा आल्यापासून पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवातल्या पहाटेपर्यंतच्या बैठकी थांबल्या आणि पहाटेच्या रागांची एक हक्काची जागा महाराष्ट्रातही गेली. लंडनच्या 'दरबार' महोत्सवानं सकाळच्या मैफली मुद्दाम भरवल्या आहेत. म्हणजे वेळ पाळणं भूगोलापेक्षा ठरवण्यावर अवलंबून आहे, आणि ते ठरवणारं कुणीतरी गावात असावं लागतं.

या ठिकाणी कुणीही विचारेल की मोठ्या कलावंतांनी पश्चिमेत एवढं नाव कमावलं, श्रोता तर त्यांनीच तयार केला. मग वेगळं काय करायचं उरलं? पंडित रविशंकर १९५६ पासून युरोप-अमेरिकेत मैफली करत होते. १९६७ मध्ये मॉन्टेरेचा महोत्सव, १९६९ मध्ये वुडस्टॉकचा. १९७१ च्या १ ऑगस्टला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी मोठी मैफल झाली. रविशंकरांबरोबर सरोदवादक अली अकबर खाँसाहेब आणि तबलावादक अल्लारखा होते. सगळ्यांनी वाद्यं जुळवली आणि सभागृहानं जोरात टाळ्या दिल्या. जुळवणंच एवढं आवडलं असेल तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे, असं रविशंकरांनी शांतपणे सांगितलं. हा प्रसंग आपल्याकडे हसत-हसत सांगितला जातो. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. पंधरा वर्षं पश्चिमेत वाजवणाऱ्या, भारताच्या सर्वांत प्रसिद्ध वादकासमोर बसलेल्या प्रेमळ, उत्सुक लोकांना जुळवणं आणि वाजवणं यांतला फरक कळला नव्हता, कारण तो त्यांना कुणी शेजारी बसून दाखवलेला नव्हता. प्रसिद्धीनं सभागृह भरतं. ऐकण्याची सवय मात्र एका जागी पुन्हा पुन्हा बसूनच लागते. हे रविशंकरांनाही चांगलं ठाऊक होतं. त्या मोठ्या महोत्सवांतल्या नशापाण्यानं ते व्यथित होत होते, आणि मॉन्टेरेच्याच वर्षी त्यांनी लॉस एंजलिसमध्ये 'किन्नर' ही संगीतशाळा काढली होती.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियात अली अकबर खाँसाहेबांचं कॉलेज सुरू झालं. खाँसाहेब पहिल्यांदा अमेरिकेत आले १९५५ मध्ये, व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांच्या निमंत्रणावरून. बर्कलेला सुरू झालेलं कॉलेज पुढं सॅन राफेलला गेलं आणि २००९ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत खाँसाहेब तिथं शिकवत राहिले. चाळीस वर्षांहून अधिक काळ, एका छोट्या गावात, आठवड्यामागून आठवडे. सतार, सरोद, सारंगी शिकणाऱ्या सगळ्यांना ते गायलाही लावत, कारण वाद्याची मींड आधी गळ्यात यायला हवी हा त्यांच्या घराण्याचा आग्रह होता. या वर्गांतून आलेले बहुतेक विद्यार्थी मैफलीचे वादक झाले नाहीत. पण त्या परिसरात राग ओळखणारी, तिहाई कुठून उठली हे कळणारी माणसं तयार झाली, आणि भारतातून येणाऱ्या वादकाला तिथं वाजवताना स्वतःला समजावून सांगावं लागत नाही. याच्या उलट एक जुनं उदाहरण आहे आणि त्याचा धागा मराठी राज्याशी जोडलेला आहे. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात १८८६ मध्ये मौलाबक्षांनी संगीतशाळा सुरू केली. त्यांचे नातू इनायत खाँ उत्तम वीणावादक होते. १९१० मध्ये ते भावाला आणि चुलतभावाला घेऊन अमेरिकेत गेले. तिथं त्यांना पौर्वात्य नृत्याच्या कार्यक्रमांत साथ करावी लागली. स्वतंत्र वीणेसाठी बसणारा श्रोता जवळपास नव्हताच. पुढं त्यांनी वीणा बाजूला ठेवून सूफी विचाराला वाहून घेतलं. त्यामागं त्यांची स्वतःची आध्यात्मिक कारणं होती आणि त्यांचा विचार पश्चिमेत आजही जिवंत आहे. वीणेची तालीम मात्र तिथं रुजली नाही. इनायत खाँ आणि अली अकबर यांच्यातलं अंतर गुणवत्तेचं नाही. एकाला भोवताल मिळाला नाही, दुसऱ्यानं तो स्वतः घडवला आणि त्यासाठी जवळपास अर्धं आयुष्य दिलं.

यावर सर्वांत मोठा आक्षेप मातीचा. हे संगीत इथल्या मातीतलं, इथल्या पावसाचं, इथल्या भाषेचं. दुसरीकडे लावलं तर ते कुंडीतलं रोप होणार, असं जाणकार मंडळीही मनापासून म्हणतात. मल्हार ऐकताना त्यांचं म्हणणं खरं वाटतं. आषाढ ज्यानं अंगावर घेतला नाही त्याला त्या रागातलं काहीतरी कायम परकं राहणार. पण हाच आक्षेप दीडशे वर्षांपूर्वीच्या महाराष्ट्राला लावून पाहावा. ज्या ख्यालगायकीचा आपण आज मराठी माणसाचं वैभव म्हणून अभिमान बाळगतो ती इथली नव्हती. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ती ग्वाल्हेरच्या परंपरेतून आणली. अब्दुल करीम खाँसाहेब उत्तरेतल्या कैरान्याचे, ते मिरजेत येऊन राहिले. अल्लादिया खाँसाहेब राजस्थानातून आले आणि शाहू महाराजांच्या कोल्हापुरात स्थिरावले. बंदिशी व्रजभाषेतल्या, गाणारे खाँसाहेब, ऐकणारे कोल्हापूर-सांगलीचे. त्या वेळी इथली माती या संगीताची नव्हती. ती झाली, कारण ही माणसं मैफल करून परतली नाहीत. ती राहिली, शिकवलं, रागावली, पुन्हा शिकवलं, आणि गोव्यातून आलेल्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या गळ्यांत अल्लादिया खाँसाहेबांची गायकी उतरली. माती आपोआप मिळत नाही. ती पिढीभर नांगरावी लागते. फरक आहे तो मान्यच करायला हवा. कोल्हापूरला दरबार होता, मिरज-इचलकरंजीला संस्थानिक होते. न्यू जर्सीत राजा नाही. म्हणून परदेशातल्या सतारियाला आश्रयाचं दुसरं उदाहरण शोधावं लागतं, आणि ते उदाहरणही मराठीच आहे.

ते म्हणजे लाहोर, १९०१. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेत बाळकृष्णबुवांकडे शिकले. संस्थानिकांचा आश्रय सोडून १८९६ मध्ये ते बाहेर पडले, गावोगाव फिरले आणि १९०१ च्या मे महिन्यात लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. त्या शहराची भाषा त्यांची नव्हती, जेवण त्यांचं नव्हतं, लहानपणी गेलेल्या दृष्टीमुळे रस्ताही नीट दिसत नव्हता. त्यांच्यामागं कुठलाही राजा नव्हता. त्यांनी लोकांच्या पैशावर शाळा चालवली, अभ्यासक्रम आखला, स्वरलिपी तयार केली, तिकीट लावून मैफली केल्या आणि सभ्य घरातल्या मुला-मुलींनी संगीत शिकणं ही मानाची गोष्ट केली. पुढं मुंबईत संस्था कर्जात गेली, वास्तू हातची गेली. पण ओंकारनाथ ठाकूर, विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही माणसं उरली, आणि १९३१ मध्ये पलुसकर गेल्यावर त्यांच्या शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. आज त्याच मंडळाच्या परीक्षा परदेशातल्या केंद्रांवरही होतात. परदेशात सतार घेऊन बसलेल्या माणसासमोर आपण नेहमी मॉन्टेरेचा आदर्श ठेवतो: प्रचंड मंच, हजारो लोक, एका रात्रीत नाव. माझ्या मते त्यानं लाहोरकडे पाहावं. परक्या गावात, फी घेऊन, सतरंजीवर, पाच मुलांपासून सुरुवात करणं यात कमीपणा काही नाही. आजच्या हिंदुस्थानी संगीताची अर्धी इमारत अशाच सुरुवातीवर उभी आहे.

दुसरा आक्षेप विद्यार्थ्यांचा, आणि तो पालकांपेक्षा शिक्षकांच्या मनात जास्त सलतो. मूल आठव्या वर्षी येतं, अठराव्या वर्षी कॉलेजसाठी दुसऱ्या शहरात जातं, सतार गवसणीत बंद होते. दहा वर्षांची मेहनत कुठं गेली? मैफलीचा वादक तयार करणं एवढंच शिकवण्याचं फळ मानलं तर ती वाया गेली असं म्हणावं लागेल. पण दहा वर्षं शिकलेल्या मुलीच्या हाताला कोमल गंधार आणि तोडीचा अतिकोमल गंधार यांतलं अंतर माहीत असतं. पडद्यावर तार किती ओढली की ते साधतं हे तिच्या बोटाच्या घट्ट्याला माहीत असतं. ती तिशीत एखाद्या मैफलीला बसेल तेव्हा कलाकारानं घेतलेली मींड तिच्या स्वतःच्या बोटांत जागी होईल. तानसेन नाही तर कानसेन, असं आपण मराठीत म्हणतो; ते बहुधा समजूत घालण्यासाठी म्हटलं जातं. मला वाटतं कानसेन घडवणं हे जास्त अवघड आणि जास्त टिकाऊ काम आहे. चांगला वादक विमानानं आणता येतो. चांगला श्रोता त्याच गावात वाढवावा लागतो.

तिसरा आक्षेप इंटरनेटचा. आता पुण्याचा गुरू पडद्यावर रोज भेटतो. मग सिअ‍ॅटलच्या स्थानिक सतारियाची गरज काय, असं पालक उघड विचारतात, आणि या प्रश्नाचा फटका स्थानिक शिक्षकाच्या उत्पन्नाला थेट बसतो. दूरची तालीम मिळते हे वरदान आहे, त्याबद्दल दुमत नको. ज्या घराण्याचा एकही माणूस आपल्या खंडात नाही त्याची चीज आज शिकता येते. पण झूमसारखी साधनं माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली आहेत. एकसारखा चालणारा तानपुऱ्याचा नाद आणि तरफांची मंद गुंज या त्यांच्या लेखी पंख्याच्या घरघरीसारख्या असतात. ती साधनं त्या आवाजाला गोंगाट समजून पुसून टाकतात. मूळ आवाज जसाच्या तसा पाठवण्याची सोय शोधून सुरू करावी लागते, तेव्हा कुठं सतार सतारीसारखी ऐकू येते. तरीही आवाज पोचायला क्षणाचा उशीर होतोच, त्यामुळे गुरू-शिष्याला एकत्र वाजवता येत नाही, आणि सतारीची तालीम पिढ्यान्‌पिढ्या एकत्र वाजवूनच झालेली आहे. गुरूनं एक मींड घ्यायची, शिष्यानं त्याच क्षणी मागून ओढायची, चुकली की गुरूच्या भुवईवर कळायचं. शिवाय बसण्याची पद्धत, भोपळा तळव्यावर किती टेकला, अंगठ्यावर किती भार आला, हे कॅमेऱ्याला दिसत नाही. पडद्यावरून तालीम येईल, बैठक येणार नाही. दोन्हींची गरज आहे, आणि दुसरी गरज त्याच गावातला माणूस भागवतो.

चौथा आक्षेप उलट दिशेचा. एवढं कशाला, काळाबरोबर जावं, गिटार-ड्रम्सच्या जोडीनं वाजवावं, तरुण श्रोता तिकडे आहे, असं काहीजण सुचवतात. मिश्र संगीताला माझा तत्त्व म्हणून विरोध नाही. रविशंकरांनी १९७१ मध्ये लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रासाठी सतारीची कंचर्टो रचली, ती सतार जाणणाऱ्याच्या अटींवर. अडचण तेव्हा होते जेव्हा समोरच्याला सतारीतलं संगीत नको असतं, फक्त तिचा आवाज हवा असतो. १९६७ मध्ये बीटल्सच्या गाजलेल्या तबकडीवर लंडनमधल्या भारतीय वादकांनी एका गाण्यात वाद्यं वाजवली. त्या वादकांची नावं वेष्टनावर छापली गेली नाहीत. त्याच वर्षी अमेरिकेत इलेक्ट्रिक सतार बाजारात आली. ती गिटारवाल्यांसाठी होती. ना मींड शिकायची गरज, ना राग. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की निष्कर्ष स्पष्ट दिसतो: फक्त आवाज हवा असेल तर वादकाची जागा यंत्र घेतं, आणि आता तर तो आवाज संगणकात आयता मिळतो. स्टुडिओत जाऊन दोन तास वाजवण्यात किंवा लग्नसमारंभात पार्श्वसंगीत देण्यात काही गैर नाही. घरभाडं त्यातून निघतं. पण जो सतारिया केवळ आवाज पुरवतो त्याचा व्यवसाय दुसरं कुणीतरी केव्हाही बंद करू शकतं. राग ऐकू इच्छिणारी पन्नास माणसं गावात असतील तर ते कुणालाही शक्य नाही.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि तो टाळून चालणार नाही. परदेशातल्या फार थोड्या सतारियांना मैफलींवर जगता येतं. कुणी विद्यापीठात शिकवतं. उस्ताद इमरत खाँ इंग्लंडमध्ये डार्टिंग्टनला आणि उत्तरायुष्यात अमेरिकेत सेंट लुइसच्या विद्यापीठात शिकवत होते. बाकीचे आठवडाभर दुसरी नोकरी करून शनिवार-रविवार वर्ग घेतात. यात पूर्णवेळ साधना राहत नाही हे खरं. पण नोकरी-व्यवसायाबरोबर सतार जपणं हे काही परदेशानं लादलेलं पाप नाही. मुंबईत अरविंद पारीख यांनी मोठा उद्योग सांभाळून विलायत खाँसाहेबांची तालीम आत्मसात केली आणि पुढच्या पिढीला दिली. अमेरिकेच्या १९९० च्या इमिग्रेशन कायद्यानं परंपरागत कलावंतांसाठी 'पी-३' हा व्हिसा आणला, त्यात कला सादर करण्याच्या जोडीनं शिकवणं आणि मार्गदर्शन करणं ही कामं तितक्याच मानानं लिहिली आहेत. सरकारी कागदाला जे समजलं ते आपल्या मंडळींनाही समजायला हवं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून. नाटक, गणपती, दिवाळी अंक, अधिवेशनं हे सगळं या मंडळांनी परमुलखात निष्ठेनं जपलं. शास्त्रीय संगीतासाठीही भारतातून मोठी नावं आणली, आणली पाहिजेतच. पण गावातल्या सतारियाला आपण बहुतेक वेळा जेवणाची पानं वाढताना वाजवायला बोलावतो, आणि मानधनाचा विषय निघाला की घरचाच माणूस म्हणून तो बाजूला ठेवतो. यानं त्याचा अपमान होतो हा मुद्दा लहान आहे. मोठा मुद्दा असा की त्या सभागृहातली पन्नास मुलं सतार ही जेवताना ऐकायची गोष्ट आहे असं शिकून घरी जातात, आणि त्यानं वर्षभर लावलेल्या तरफा एका संध्याकाळी उतरतात.

म्हणून परदेशातल्या मराठी वाचकांना माझी एक विनंती आहे. तुमच्या गावात किंवा तासाभराच्या अंतरावर सतार शिकवणारं कुणी असेल, तर त्याला महिन्यातून एक रविवारची सकाळ द्या. सकाळच द्या, म्हणजे तोडी आणि भैरव तुमच्या मुलांना समोर बसून ऐकायला मिळतील. कुणाचाही दिवाणखाना चालेल, दहा माणसं पुरेत, ध्वनिक्षेपक लागत नाही. तबल्याची साथ ठरवा, दोघांचंही मानधन आधी ठरवून वेळेवर द्या, आणि खाणंपिणं वादन संपल्यावर ठेवा. मुलांना सगळ्यांत पुढं बसवा. वादक तरफा जुळवू लागला की बोलणं थांबवा, आणि त्या जुळेपर्यंत त्याच्याबरोबर शांत बसा.